ख्रिस्ती गाणं करायचंय? सांगली-मिरजेतून कुठलं दार कशासाठी ठोठवायचं

सांगली-मिरज पट्ट्यात गाणारी ख्रिस्ती पोरं काही कमी नाहीत. वानलेसवाडीत, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या आसपास, तासगाव-विट्याकडच्या लहान मंडळ्यांत (म्हणजे चर्चच्या समूहांत) दिवाळी सरली की पेटीचा भाता हलायला लागतो. डिसेंबर येईपर्यंत तरुण संघाचं एखादं नवं गाणं मोबाइलवर फिरतही असतं. मग नाताळ संपला की तोच प्रश्न येतो: ‘अशा गाण्यांना पाठबळ देणारी एखादी संस्था आहे का हो?’

बऱ्याच आहेत. पण सगळं एका छताखाली देणारी एकही नाही. कुणी शिकवतं, कुणी हक्काचे पैसे गोळा करून देतं, कुणी तुमचा आवाज ऐकून ग्रेड ठरवतं, कुणी फक्त परवानगीच्या कागदावर शिक्का मारतं. गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीताच्या नावाने इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेतल्या संस्था आधी दिसतात. आपल्या कामाच्या निम्म्याहून अधिक संस्था मात्र एसटीच्या तिकिटात भेटतात. म्हणून हा लेख लांबच्या नावांपासून नाही, जवळच्या दारापासून सुरू करतोय.

आधी आपलीच मंडळी

बाहेर कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न ‘तुम्ही कुठल्या मंडळीचे?’ हाच असतो. आपल्याकडे परंपरा वेगवेगळ्या आहेत. मिरजेची मुळं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे जातात, डॉ. विल्यम वानलेस यांचं रुग्णालय 1894 चं, आणि वानलेसवाडी हे नावही त्यांच्यावरूनच पडलेलं. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपण ज्याला सीएनआय म्हणतो ते, स्थापन झालं. कॅथलिकांचा धर्मग्राम आणि धर्मप्रांत ही वेगळी व्यवस्था. पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी.

हा इतिहास कामाचा आहे, कारण कागदावर सही कोण करणार हे त्यावरून ठरतं. कुठे पाळकसाहेब (पास्टर) आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीचे सेक्रेटरी, कुठे फादर, कुठे ट्रस्टचे अध्यक्ष. पोलिस ठाण्यात, नाट्यगृहाच्या कार्यालयात, शाळेचा हॉल मागताना, सगळीकडे मंडळीच्या लेटरहेडवरचं एक पत्र निम्मं काम करून टाकतं.

पाळकसाहेबांना भेटाल तेव्हा ‘आम्हाला बँड काढायचाय’ इथून सुरुवात करू नका. सरावाला आठवड्यातून दोन संध्याकाळी जागा मिळेल का, ते विचारा. गायकवृंदात आधीपासून कोण आहे, त्यांच्याबरोबर काही महिने बसता येईल का, तेही विचारा. जुनी गाणी माहीत असलेले ज्येष्ठ आपल्या प्रत्येक मंडळीत असतात. ते पेटीवर बसले की पोरांना वाटतं आता लय संथ होणार. होते, पण ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातल्या ज्या गाण्यांची चाल छापील पुस्तकात कुठेच लिहिलेली नाही, ती त्यांच्याच गळ्यात आहे. ती घ्यायची तर त्यांच्या शेजारी बसावं लागतं.

गाण्याची वही

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढची सगळी दारं हिच्यावर उघडतात किंवा बंद होतात.

कुठल्याही गायकवृंदाची वही उघडून पाहा. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. ध्रुवपदाची पहिली ओळ ठळक, कडव्यांची शेवटची अक्षरं कडेला कापली गेलेली. वरच्या कोपऱ्यात कुणीतरी पेनाने ‘काळी दोन’ ही पट्टी लिहून खोडलंय आणि ‘काळी एक’ केलंय, म्हणजे त्या वर्षी मुख्य गायिका बदलली असणार. खाली ‘चाल :’ म्हणून एखाद्या सिनेमाच्या गाण्याचा मुखडा. आणि गीतकाराच्या नावाची जागा कोरी.

ती कोरी जागा महागात पडते. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणी लावली हे सांगता आलं नाही की कुठलीच संस्था पुढे सरकत नाही. आकाशवाणीच्या कागदावर गीतकार-संगीतकाराचा रकाना असतो. हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे तर त्या दोन नावांशिवाय गाण्याची नोंदच होत नाही. यूट्यूबवर दावा आला तर उत्तर द्यायला हाताशी काही राहत नाही.

तेव्हा नवी वही करा. एका गाण्याला एक पान, आणि पानाच्या डोक्यावर हे लिहा: पहिली ओळ, गीतकार, चाल लावणारा, चाल देशी की इंग्रजी वळणाची, ताल (केरवा, दादरा, भजनी, जो असेल तो), पट्टी, गाणं कुणाकडून शिकलो आणि कधी. नाव खरोखरच माहीत नसेल तर ‘पारंपरिक’ असं ठोकून देऊ नका. ‘अज्ञात, अमुक मंडळीत ऐकलं’ असं लिहा. पारंपरिक म्हणून छापलेल्या गाण्याचा कवी चार गावं पलीकडे हयात असतो, हे आपल्या भागात नवं नाही.

वहीचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक इंटरनेटवर. 2005, 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी सांगलीत पाहिलेत त्यांना याचं कारण सांगायला नको. पेटी दुरुस्त होते. कृष्णामाईच्या पाण्यात भिजलेली वही होत नाही.

हे गाणं कुणाचं?

आता कायद्याचं थोडं, अगदी लागेल तेवढंच.

भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यानुसार कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले. त्यांच्या भजनांच्या शब्दांवरचा हक्क केव्हाच संपलाय, ते शब्द कुणीही गावेत, छापावेत, त्यांना नवी चाल लावावी. आणि लावावीच, असं माझं मत आहे. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीत बांधली. शेवटच्या काळात मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात राहिले आणि तिथे 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला. म्हणजे हा कवी आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला, शब्द मोफत, वळण वारकरी कानाला ओळखीचं. तरी नवी पोरं ट्रॅक उतरवून घेतात तो परदेशी गाण्याचा! एक मात्र सांभाळा: टिळकांच्या शब्दांना आजच्या एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची आहे, ती उचलायची तर त्याला विचारायचं.

भक्तीच्या वेळी मंडळीत गाणं म्हणायला परवानगी लागते का? नाही. कायद्याच्या कलम 52 मध्ये धार्मिक विधीच्या ओघात झालेलं सादरीकरण हक्कभंग मानलेलं नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभही त्यात धरलेत. हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला कार्यक्रमही त्याच कलमात येतो. पण ही सवलत गाण्यापुरती. तेच गाणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं, सीडी-पेनड्राइव्ह विकले, पुस्तक छापलं की ती संपते.

सिनेमाच्या चालीवर ख्रिस्ती शब्द बसवणं हा तर आपला जुना छंद. सभेत चालून जातं. रेकॉर्डिंगमध्ये नाही. दुसऱ्याचं गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करायची वैधानिक सोय कलम 31सी मध्ये आहे खरी, पण मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं जावी लागतात, आगाऊ मानधन भरावं लागतं, आणि परवानगीशिवाय शब्द बदलता येत नाहीत. म्हणजे आपल्या कामाला ती सोय उपयोगी नाही. इंग्रजी उपासना-गीतांच्या मराठी भाषांतराचंही असंच: भाषांतराचा हक्क मूळ मालकाचा. त्याला ईमेल करा. बऱ्याच प्रकाशकांकडे यासाठी ठरलेला अर्ज असतो.

स्वतःचं गाणं असेल तर नोंदणी सक्तीची नाही, हक्क आपोआप मिळतो. तरी कागद हवा असेल तर केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो. शब्द किंवा संगीतरचनेसाठी प्रत्येकी 500 रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी 2000 रुपये शुल्क आहे. अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. पहिल्याच गाण्याला इतका खर्च करायची गरज नाही. तारखेसह स्वतःला पाठवलेला ईमेल आणि वहीचं पान एवढ्यावर सुरुवातीला भागतं.

शिकायचं कुठे

मिरजेत राहून ‘संगीत शिकायला कुठे जाऊ’ असं विचारणं म्हणजे घाटावर बसून पाणी शोधणं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेतच आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतली ही परीक्षा घेणारी संस्था. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी चढती पायरी. परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि गावोगावच्या संलग्न क्लासमधून फॉर्म भरता येतो. गायन, पेटी, तबला काहीही घ्या. ख्रिस्ती गायकाला यातून काय मिळतं? चाल लिहून ठेवायची पद्धत. स्वरलिपी आली की ज्येष्ठांच्या गळ्यातली चाल कागदावर येते, आणि वर सांगितलेल्या वहीची किंमत दुप्पट होते.

पेटी-तानपुऱ्यासाठीही बाहेर जायची गरज नाही. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिराच्या दुकानात तासभर बसायला मिळालं तर बसा. भोपळा पंढरपूर भागातून येतो, तो कापून, वाळवून, त्यावर दांडी चढते. घोडीवर तार टेकते तिथे जव्हारी लावताना कारागीर सूत सरकवतो, तार छेडतो, पुन्हा घासतो, पुन्हा छेडतो. स्वर नुसता वाजून उपयोग नाही, तो गुंजायला हवा. चर्चमध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून सराव करणाऱ्यांनी एकदा तरी खऱ्या तानपुऱ्याखाली गाऊन बघावं. सूर किती वेळा घसरतो ते लगेच कळतं.

इंग्रजी वळणाच्या चाली चार आवाजांत, म्हणजे सोप्रानो, अल्टो, टेनर, बास अशा बसवायच्या असतील तर पाश्चात्त्य नोटेशन लागतं. त्यासाठी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आणि एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या परीक्षा आहेत. आपल्याला जवळचं शहर पुणे. पाचगणीच्या जुन्या निवासी शाळांत पियानो शिकवणारे शिक्षक असतात, साताऱ्याच्या वाचकांनी तिथेही चौकशी करावी. हा रस्ता खर्चिक आहे. गायकवृंदातल्या एकाने शिकून बाकीच्यांना शिकवलं तरी काम भागतं.

आता ती अमेरिकन-इंग्लिश नावं

इंटरनेटवर शोधताना पहिलं नाव येतं गॉस्पेल म्युझिक असोसिएशनचं. नॅशव्हिलमधली ही संस्था 1964 ची. तिचे डव्ह पुरस्कार 1969 पासून दिले जातात. तिथल्या ख्रिस्ती संगीताच्या व्यवसायातल्या लोकांची ही संघटना, म्हणजे कलाकार, प्रकाशक, रेकॉर्ड कंपन्या. आपल्या मराठी गाण्याला तिच्याकडून थेट काही मिळेल ही आशा सोडा.

मला जास्त रस आहे तो थॉमस डॉर्सी यांच्या वाटेत. हे आधी ब्लूज वाजवायचे, ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने. पुढे शिकागोच्या कृष्णवर्णीय मंडळ्यांत त्यांनी गॉस्पेल गायकवृंद उभे केले, आणि 1930 च्या दशकात सॅली मार्टिन वगैरेंच्या साथीने त्या गायकवृंदांचं राष्ट्रीय अधिवेशन सुरू केलं. त्याच धर्तीवर 1960 च्या दशकात जेम्स क्लीव्हलँड यांनी डेट्रॉइटमधून गॉस्पेल म्युझिक वर्कशॉप ऑफ अमेरिका उभं केलं. दोन्हींची रीत सोपी: वेगवेगळ्या गावांचे गायक वर्षातून एकदा जमतात, नव्या कवी-संगीतकारांची गाणी एकमेकांना शिकवतात, आणि आपापल्या मंडळीत घेऊन जातात. गाणं पसरायला रेकॉर्ड कंपनी लागत नाही, माणसं लागतात.

हे सांगलीत करता येईल. मिरज, सांगली, तासगाव, विटा, जत इथल्या गायकवृंदांनी पावसाळा ओसरल्यावर एक शनिवार काढायचा. प्रत्येकाने एकच नवं गाणं आणायचं, वहीच्या पानासकट, तीस-चाळीस झेरॉक्स काढून. दुपारपर्यंत शिकायचं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून गायचं. स्पर्धा नको. आपल्याकडे कॅरल, म्हणजे नाताळगीतांच्या, स्पर्धा भरपूर आहेत, आणि स्पर्धेत कुणी कुणाला गाणं शिकवत नाही, उलट लपवून ठेवतो.

इंग्लंडची रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक ही सिडनी निकोल्सन यांनी 1927 मध्ये स्थापन केलेली. चर्चच्या गायकवृंदांना शिकवणं हेच तिचं काम. तिची ‘व्हॉइस फॉर लाइफ’ नावाची पायरीपायरीची योजना आहे, लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत. शब्बाथ शाळेच्या मुलांचा गायकवृंद काढायचा असेल तर त्यातली आवाज तापवण्याची आणि श्वासाची पद्धत बघण्यासारखी आहे. अमेरिका-कॅनडाची हिम सोसायटी 1922 ची. जुन्या इंग्रजी स्तोत्रांचा इतिहास, कवी, चालीचं नाव शोधायचं असेल तर तिचा सहभाग असलेलं हिम्नरी हे संकेतस्थळ चाळा, पैसे पडत नाहीत. ‘उपासना संगीत’मधल्या अनेक इंग्रजी वळणाच्या चालींची मूळ नावं तिथे सापडतात.

सीसीएलआय हे नाव पडद्यावरच्या इंग्रजी गाण्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत दिसतं. 1988 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही परवाना देणारी संस्था: मंडळीने वर्षाची वर्गणी भरायची आणि तिच्या यादीतल्या गाण्यांचे शब्द छापायचे, पडद्यावर दाखवायचे. तुमच्या मंडळीत इंग्रजी गाणी नेमाने होत असतील तरच हा खर्च कमिटीसमोर मांडा. ऑनलाइन प्रक्षेपणाचा परवाना वेगळा असतो, तो विचारून घ्या.

हक्काचे पैसे

आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, 1969 पासून गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांसाठी मानधन गोळा करते. कार्यालय मुंबईत, सदस्यत्वाचा अर्ज ऑनलाइन. गाणं प्रसिद्ध झाल्यावर सदस्य होऊन त्याची नोंद करायची. गीतकार किती टक्के, संगीतकार किती टक्के हे आधीच लिहून सह्या करून ठेवा. मंडळीतल्या दोन मित्रांत याच आकड्यावरून बोलणं बंद होतं. गायक-वादकांसाठी इसामरा ही वेगळी संस्था आहे. ध्वनिमुद्रणाच्या मालकांसाठी पीपीएल. सुरुवातीला यातून चहापाण्याइतकेही पैसे येणार नाहीत, हे धरूनच चाला. पण नोंद असली की उद्या कुणी तुमचं गाणं उचललं तर बोलायला जागा राहते.

यूट्यूबवर दोन गोष्टींत गोंधळ होतो. ‘क्लेम’ आला म्हणजे जाहिरातीचे पैसे दुसऱ्याला जातात, एवढंच बहुधा. ‘स्ट्राइक’, म्हणजे हक्कभंगाचा ठपका, वेगळी, 90 दिवसांत तीन आल्या की चॅनेल बंद होऊ शकतं. विकत घेतलेल्या कराओके ट्रॅकवर गायलात तर ट्रॅकची पावती आणि त्याच्या अटी जपून ठेवा.

रेडिओ

आकाशवाणी सांगली हे आपल्या हाताशी असलेलं सर्वांत प्रतिष्ठेचं दार, आणि तरुण मुलं त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तिथे ऑडिशन म्हणजे स्वरचाचणी देऊन ग्रेड मिळवावी लागते: बी, बी हाय, ए आणि टॉप. सुगम संगीतासाठी अर्ज करा. चाचणीच्या तारखा केंद्राकडून जाहीर होतात, तेव्हा अधूनमधून चौकशी ठेवा. ख्रिस्ती गाणंच गाईन असा हट्ट तिथे नको. भावगीत, भक्तिगीत तयार ठेवा; ग्रेड एकदा मिळाली की नाताळच्या कार्यक्रमासाठी केंद्राला ख्रिस्ती गायक हवेच असतात.

ट्रान्स वर्ल्ड रेडिओ आणि फेबा या ख्रिस्ती प्रसारण संस्था भारतीय भाषांत कार्यक्रम करतात. त्यांना गाण्यापेक्षा गाण्यासकट कार्यक्रम हवा असतो: दहा-पंधरा मिनिटांचं बोलणं आणि मध्ये एक-दोन गाणी. चांगलं मराठी बोलणारा आणि गाणारा असे दोघे मिळाले तर पाठवून बघा.

संस्था काढायची का?

घाई करू नका. दोन-तीन वर्षं मंडळीच्या नावाखालीच काम करा. त्यानंतरही स्वतंत्र नोंदणी हवीच असेल तर 1860 च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात सोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 खालीही नोंद होते. सांगली आणि सातारा दोन्हीकडे धर्मादाय कार्यालय आहे. नोंदणीनंतरची डोकेदुखी कुणी सांगत नाही: दरवर्षी हिशेब तपासून सादर करायचे, आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा. चार पोरांतला एक पुण्याला नोकरीला गेला की हे सगळं अडतं.

नोंदणी नसताना जाहीर वर्गणी काढायची असेल तर गणेश मंडळं घेतात तीच, याच विश्वस्त कायद्याच्या कलम 41सी खालची, परवानगी घ्या. परदेशातला एखादा हितचिंतक ‘पैसे पाठवतो’ म्हणाला तर आनंदाने खाते क्रमांक देऊन मोकळे होऊ नका. संस्थेला परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात किमान 15 लाख रुपये खर्च दाखवावा लागतो, आणि रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच यावी लागते. लहान गायकवृंदाने या वाटेला जाऊच नये.

कार्यक्रम

सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर, मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह, साताऱ्यात शाहू कलामंदिर. डिसेंबरच्या तारखा शाळांची स्नेहसंमेलनं खाऊन टाकतात, म्हणून सप्टेंबरातच चौकशी करा. मोकळ्या मैदानात करणार असाल तर पोलिस ठाण्यातून ध्वनिवर्धकाचा परवाना. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत असते, ती यादी जिल्हाधिकारी दरवर्षी जाहीर करतात. 24 डिसेंबर त्यात आहे का ते बघूनच मध्यरात्रीच्या भक्तीचे स्पीकर ठरवा. मिरजेत तर पावला-पावलावर दवाखाने. शंभर मीटरचं शांतता क्षेत्र कुठून सुरू होतं हे ठाण्यातच विचारून घ्या. कॅरल राउंडला रात्री घरोघरी जाताना ढोलक-गिटार पुरते, स्पीकरची गाडी कशाला?

पैसे मागणाऱ्या ‘संस्था’

नवीन गायकाच्या फोनवर एक दिवस संदेश येतो: तुमचं गाणं आंतरराष्ट्रीय गॉस्पेल पुरस्कारासाठी निवडलं गेलंय, नोंदणी शुल्क अमुक. किंवा: आल्बम आम्ही काढतो, तुम्ही फक्त निम्मा खर्च द्या. आमच्या ओळखीतल्या एका गायकवृंदाने असे पैसे भरले. हातात आली ती मोमेंटो, आणि गाण्याचे हक्क गेले, कारण करार इंग्रजीत होता आणि कुणी वाचलाच नव्हता. तपासायला सोपं आहे. संस्थेचा नोंदणी क्रमांक मागा आणि धर्मादाय कार्यालयाच्या किंवा कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर तो बघा. मागच्या वर्षीच्या विजेत्यांपैकी दोघांना स्वतः फोन करा. करारात ‘कायमस्वरूपी’, ‘सर्व माध्यमांतील’ असे शब्द दिसले तर ओळखीच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. प्रार्थना करून सही केली म्हणून करार बदलत नाही.

पहिलं पत्र कसं लिहायचं

संस्था कुठलीही असो, पत्र एका पानाचं. वर मंडळीचं नाव-गाव. मग दोन ओळींत तुम्ही कोण आणि किती जण गाता. मग नेमकी मागणी: ‘मार्गदर्शन मिळावं’ असं मोघम नको, ‘आमच्या बारा जणांना चार आवाजांत गायला शिकवण्यासाठी एक दिवसाचं शिबिर घ्याल का, प्रवासखर्च आणि जेवण आम्ही करू’ असं लिहा. सोबत एकाच गाण्याचं रेकॉर्डिंग, मोबाइलवरचं चालेल, पण पंख्याचा आवाज नसलेलं. गाण्याचे शब्द आणि वहीच्या पानावरची माहिती टाइप करून जोडा. परदेशी पत्त्यावर पाठवत असाल तर शब्दांचा साधा इंग्रजी अर्थही द्या. पाळकसाहेबांची सही खाली हवी, आणि संपर्कासाठी दोन फोन नंबर, कारण एकाचं रिचार्ज नेमकं तेव्हाच संपलेलं असतं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. दुसऱ्यांदाही आलं नाही तर तिसरं पत्र लिहू नका. तोच कागद, मागणीची ओळ बदलून, पुढच्या पत्त्यावर पाठवा.